चमच्यामागचं नाव: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

शेजारच्या आजी घर विकून इथल्याच, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या वृद्धनिवासात चालल्या आहेत. वय ८८. आज चहाला बोलावलं आणि जेवणाच्या टेबलावर एक लाकडी पेटी ठेवून म्हणाल्या, यातलं काय चांदीचं, काय नुसतं मुलामा दिलेलं, काय कधीचं, ते मला कळत नाही. तीन नातवंडांत वाटायचंय. तू चांदीवाल्यांच्या घरातली ना?

चांदीवाल्यांच्या घरातली म्हणजे कोल्हापूरकडच्या हुपरीची. आमच्या घरात पैंजण होत. काटे-चमचे मी इथे येईपर्यंत हातात धरले नव्हते. तरी हो म्हटलं. मोजणी केली: एकूण ७१ नग. काटे, चमचे, सुऱ्या, आणि कशासाठी ते आजींनाही न आठवणाऱ्या काही वस्तू. सगळ्यांच्या पाठीवर काही ना काही ठसा आहे. तो वाचायचा आणि यादी करायची, एवढंच काम. मार्चपर्यंत होईल असं सांगून आलेय.

१३ जानेवारी

पहिल्याच दिवशी तोंडावर आपटले.

१९ नगांवर ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ असं ठसठशीत लिहिलंय. मी यादीत ‘साल १८४७’ असं टाकून आजींना फोनवर सांगूनही टाकलं. त्या हरखल्या. रात्री जरा वाचत बसले तर कळलं, १८४७ हे साल नाही, मार्का आहे! कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या रॉजर्स बंधूंनी १८४७ मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा चढवलेली भांडी बाजारात आणली. त्यांचं नाव इतकं चाललं की पुढे रॉजर्स नावाचे भलतेच लोक उगवले. १८६२ मध्ये मेरिडेन ब्रिटानिया कंपनीने या भावांचा व्यवसाय घेतला आणि आपले रॉजर्स वेगळे कळावेत म्हणून ‘१८४७’ नावातच घालून टाकलं. १८९८ मध्ये अनेक कारखाने एकत्र येऊन इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनी झाली, तिनेही तो आकडा तसाच चालवला. आजींच्या चमच्यांवर द्राक्षांचे घड आहेत. हा ‘व्हिंटेज’ नावाचा नमुना १९०४ चा.

शिवाय चांदी नव्हेच. चमच्याच्या वाडग्याचा जो भाग टेबलाला टेकतो तिथे मुलामा उडून खालचा पिवळट करडा धातू दिसतोय.

सकाळी जाऊन आजींना खरं सांगितलं. त्या हसल्या, पण मला फार लाजल्यासारखं झालं.

१८ जानेवारी

आता घाई करायची नाही. पद्धत ठरवली. दहा पटीचं भिंग, मोबाइलचा टॉर्च आणि काळं कापड. टॉर्च वरून मारला तर चांदी नुसती चकाकते आणि ठसा नाहीसा होतो. जवळपास आडवा, टेबलाच्या पातळीला धरला की अक्षरांच्या कडा सावली टाकतात आणि झिजलेलं नावही उभं राहतं. प्रत्येक नगाचे तीन फोटो: पुढून, मागून, ठसा. पॉलिश अजिबात करायचं नाही. आजींच्या सुनेने पूर्वी एक काटा खायचा सोडा आणि अॅल्युमिनियमच्या कागदात घालून लख्ख केला होता. नक्षीच्या खाचांतला काळेपणा गेल्याने त्यातली फुलं आता फुलांसारखी दिसतच नाहीत.

१९ जानेवारी

रात्री साडेआठला हुपरीला, अण्णांना व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळचे सात, चहाचा कप हातात. ‘१८४७’ ची फजिती सांगितली तर मिशीतल्या मिशीत हसले. म्हणाले, “छाप काय, कुणीबी मारंल. टंच किती हाय ते बघ आदी.”

इथे आम्ल लावून टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढायची सोय नाही आणि आजींच्या वस्तूंवर मी लावणारही नाही. अण्णा म्हणाले, मग पाण्यात तोल. लहानपणी बघितलेलं पार विसरले होते. वाटी पाण्याने भरून वजनकाट्यावर ठेवायची, वजनकाटा शून्य करायचा, आणि चमचा दोऱ्याने पाण्यात लोंबकळवायचा. तळाला टेकू द्यायचा नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं पाणी चमच्याने सारलं. चमच्याच्या वजनाला त्याने भागलं की झालं.

रॉजर्सचा चमचा: ४३.५० ग्रॅम, पाणी ५.००. भागाकार ८.७. म्हणजे जर्मन सिल्व्हर: तांबं, जस्त, निकेल, नावाला चांदी. लोहचुंबक यालाही चिकटत नाही, तेव्हा ‘चुंबक चिकटलं नाही म्हणजे चांदी’ या समजुतीत अर्थ नाही.

गोरहॅम कंपनीचा खायचा काटा: ४६.६२, पाणी ४.५०. भागाकार १०.३६. स्टर्लिंगला, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदीला, हेच यायला हवं.

अण्णांचा पुढचा प्रश्न, “तोळे किती?” इथे कुणी तोळ्यात बोलत नाही. ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅमचा. आकडे दोन्हीत लिहून ठेवतेय, एक रकाना खास अण्णांसाठी.

२५ जानेवारी

आज गोरहॅम. पेटीतला मोठा हिस्सा हाच: ३२ नग, प्रत्येकी आठ मोठे काटे, सॅलडचे काटे, चहाचे चमचे, सुऱ्या. आजींच्या आईला लग्नात मिळालेले.

ठसा तीन चित्रांचा: सिंह, नांगर, आणि जुन्या वळणाचं जी हे अक्षर. शेजारी स्टर्लिंग. इंग्रजी चांदीची थोडी ओळख असलेला माणूस इथे हमखास फसतो, कारण चालणारा सिंह ही इंग्लंडची स्टर्लिंगची खूण आणि नांगर ही बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीची. हा नांगर मात्र ऱ्होड आयलंड राज्याचा. त्यांच्या झेंड्यावरही तोच आहे. जेबेझ गोरहॅमने तिथल्या प्रॉव्हिडन्स शहरात १८३१ मध्ये चमचे करायला सुरुवात केली.

फरक नुसत्या चित्रांचा नाही. इंग्लंडात सिंहाचा ठसा कारागीर मारत नाही. माल कचेरीत जातो, तिथे कस काढतात आणि मग सरकारमान्य ठसा बसतो. अमेरिकेत देशभरासाठी अशी कचेरी कधी झालीच नाही. बाल्टिमोरमध्ये १८१४ ते १८३० एवढीच काय ती सोय होती. त्यामुळे गोरहॅमचा सिंह म्हणजे गोरहॅमचा शब्द. इंग्लंडचा माल भारी अशी गिऱ्हाइकांची समजूत, म्हणून कित्येक अमेरिकन चांदीकारांनी सिंह, मुंडकी आणि अक्षरं असे इंग्रजी धाटणीचे ठसे नुसते शोभेला मारले.

कायदा आला १९०६ मध्ये. स्टर्लिंग लिहिलं तर हजारात ९२५ भाग चांदी हवी, कॉइन लिहिलं तर ९००. पण शुद्धतेच्या शिक्क्याशेजारी आपला मार्काही उमटवलाच पाहिजे, हे १९६१ च्या दुरुस्तीने आलं. म्हणजे त्यापूर्वीचा एखादा काटा नुसता स्टर्लिंग म्हणतो आणि कुणाचा ते सांगत नाही, यात गैर काही नाही.

या नमुन्याचं नाव ‘शांतिली’. विल्यम कॉडमन या इंग्लंडहून आलेल्या कलाकाराने काढलेला. पाठीवर पेटंटचं साल आहे: १८९५. रॉजर्सकडून शिकले असल्याने यावेळी थांबले. ते साल नक्षीच्या नोंदणीचं, या काट्याचं नव्हे. हा नमुना शंभर वर्षांहून अधिक काळ निघत राहिला. आजींच्या आईचं लग्न १९३१ चं, काट्यांवर तिच्या माहेरच्या नावाची अक्षरं कोरलेली, तेव्हा यादीत ‘१९३१ किंवा थोडं आधी’. ठशाने एवढं नेमकं कधीच सांगितलं नसतं.

माहेरची अक्षरं बघून आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरचा पितळी डबा आठवला. ‘चि. सौ. कां.’ आणि पुढे आजीचं माहेरचं नाव, ठिपक्याठिपक्यांनी.

२६ जानेवारी

कालच्याला पुरवणी. आठ चहाच्या चमच्यांपैकी एक उपरा आहे. त्याच्यावर अक्षरं नाहीत. हाऽऽ करून वाफ दिली तर क्षणभर दुसरीच तीन अक्षरं उमटली आणि विरली. कुणाची तरी जुनी अक्षरं घासून काढून विकलेला चमचा. बोट फिरवलं तर तिथे दांडी किंचित बसकी लागते. हरवलेल्या आठव्याच्या जागी बाहेरून आणलेला असणार. आजींना विचारलं. “१९५८,” त्या लगेच म्हणाल्या, “कचऱ्यात गेला तो, आणि मार मला बसला होता.”

१ फेब्रुवारी

किरकोळ १४ नगांपैकी बहुतेकांचा निकाल लागला. हरणाचं डोकं म्हणजे वॉलेस, कनेक्टिकटमधलं वॉलिंगफर्ड. गरुड, आर आणि सिंह असेल तर रीड अँड बार्टन, टॉन्टन. वळणदार टी आणि त्यात सिंह असेल तर न्यूबरीपोर्टचा टोल. (मी स्पेलिंगवरून ‘टाउल’ म्हणत होते, आजींनी दुरुस्त केलं.) सगळं प्राणिसंग्रहालयच.

त्यात एक पसरट, भोकांची, पळीसारखी वस्तू निघाली. बटाट्याचे वेफर्स वाढायची पळी! इथे त्यांना पूर्वी साराटोगा चिप्स म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या लोकांनी कशाकशाची वेगळी हत्यारं केली होती: सार्डिनचा काटा, आइस्क्रीमचा काटा, टोमॅटोची पळी, शतावरीचा चिमटा. १८५९ नंतर नेवाडातल्या कॉमस्टॉक खाणीतून चांदीचा पूर आला, त्याचं काहीतरी करायला हवंच होतं. आम्ही आपले पाच बोटांवर भागवलं.

२ फेब्रुवारी

एका मोठ्या चमच्यावर ‘एस. कर्क अँड सन’ आणि ‘११ औंस’. आजींच्या नातवाने तो फोटोत बघून विचारलं, एका चमच्याचं वजन अकरा औंस कसं? माझ्या काट्यावर तो ६२ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन ट्रॉय औंस.

ते वजन नाहीच, कस आहे. ट्रॉय पौंडात बारा औंस, त्यातले अकरा शुद्ध. बारात अकरा म्हणजे शेकडा ९१.७. अण्णांना सांगितलं तर क्षणात म्हणाले, “म्हंजे पावणेब्याण्णव टंच. चांगलं हाय की.” त्यांना पुढचं समजावावं लागलं नाही. बाल्टिमोरची ही रीत तिथल्या तपासणी कचेरीची आठवण. सॅम्युअल कर्कने दुकान काढलं ते १८१५ मध्ये, म्हणजे ती कचेरी सुरू झाल्यानंतर एका वर्षाने.

८ फेब्रुवारी

आता पेटीच्या तळाशी फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेले सहा चमचे. बाकी सगळं सोडून आठवडाभर हेच घेऊन बसलेय.

चहाचे, पातळ, अंगठ्याने दाबले तर वाकतील असे. दांडी सारंगीसारखी: टोकाला रुंद, मध्ये निमुळती, आणि वाडग्याला मिळण्याआधी दोन बाजूंना छोटे खांदे. यंत्राची नक्षी नाही, कोरलेलं एकच अक्षर. वजनं अशी: १५.४५, १५.१०, १५.७२, १४.८८, १५.४०, १५.२१. एकाच साच्यातून पडलेले असते तर एवढा फरक राहिला नसता. पाण्यात तोलल्यावर पहिला १०.३ आला, ९०० की ९२५ हे या काट्यावर कळत नाही, पण चांदी नक्की.

चमचा समोर धरला की वाडग्याचं टोक डावीकडे झिजलेलं दिसतं. सहाही चमच्यांचं. उजव्या हाताने धरून बशीच्या तळाला खरवडत गेलं की तीच कड घासते. किती वर्षं खरवडलं असेल!

पाठीवर दोन ठसे. एक, कुणा माणसाचं पूर्ण नाव. दुसरा, ‘प्युअर कॉइन’. अक्षरं सरळ धातूत दाबलेली आहेत. आधीच्या पिढ्यांत खोलगट चौकट दाबायची आणि अक्षरं तिच्या आत उठावाची, तसं हे नाही. कॉइन म्हणजे नाण्याच्या कसाची चांदी: १७९२ पासून हजारात ८९२.४, १८३७ पासून ९००. सुरुवातीच्या काळात खरोखर नाणीच चांदीकाराकडे नेऊन वितळवत. ज्या गावात बँक नाही तिथे हा शहाणपणाच. चोरीला गेलेलं नाणं कुणाचं ते सांगता येत नाही, नाव घातलेला चमचा ओळखता येतो.

ठशातलं नाव इथे लिहीत नाही, त्याचे वंशज याच भागात राहतात. आजी म्हणतात, आमच्या गावचा चांदीकार.

१५ फेब्रुवारी

वूस्टरच्या कला संग्रहालयात गेले. बॉस्टनचा चांदीकार पॉल रिव्हीअर याने १७७३ मध्ये केलेला पेन घराण्याचा चांदीचा संच तिथे आहे. डॉ. विल्यम पेनने लोइस ऑर्नशी लग्न करताना करवून घेतला, एकूण ४५ नग. पेन इंग्लंडच्या राजाच्या बाजूचा आणि रिव्हीअर दोनच वर्षांनी राजाच्या सैन्याविरुद्ध रात्री घोडा दौडवत गेलेला. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

मी काचेला नाक लावून चमचे बघत होते. मोठ्या वस्तूंवर रिव्हीअर आपलं पूर्ण आडनाव चौकटीत मारी, लहान चमच्यांवर बहुधा नुसती आद्याक्षरं. इथे नाव आणि हात एकच, निदान त्याच्या दुकानाच्या चार भिंतींतला. माझ्या चमच्यांबाबतही मी हेच गृहीत धरून बसले होते.

१६ फेब्रुवारी

१८५० च्या जनगणनेची पानं चाळली. कुटुंबातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलेली ही पहिलीच अमेरिकन जनगणना. पुढे पुरुषांचा धंदाही. तासाभरात आमचा माणूस सापडला. गाव बरोबर, वय ३४. धंद्याच्या रकान्यात चांदीकार नाही. घड्याळजी.

दुपारी गावच्या वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांची रिळं बघितली. त्याची जाहिरात मिळाली: घड्याळं दुरुस्त करून मिळतील, चष्मे, आणि चांदीचे चमचे दुकानात तयार. तयार! म्हणजे घाऊक आणलेले. मग वाचत गेले तसं कळलं, त्या काळातली ही सर्रास रीत. बॉस्टन-न्यूयॉर्कच्या कारखान्यांतून चमचे डझनाने यायचे आणि त्यांच्या पाठीवर गावोगावच्या घड्याळजीचं किंवा जवाहिऱ्याचं नाव उमटायचं. करणारा कधी कोपऱ्यात एखादी बारीक खूण ठेवी, कधी तीही नाही. सहाही चमचे भिंगाखाली पुन्हा बघितले. बारीक खूण नाही.

१७ फेब्रुवारी

अण्णांना सांगताना माझा स्वर जरा तक्रारीचा असावा. एवढा शोध घेतला आणि हाती लागला दुकानदार.

ते हसत नव्हते. म्हणाले, “आगं, मग त्यात नवल काय? चाळीस वरसं पैंजण केलं. माझं नाव कुठल्या पैंजणावर हाय, सांग बघू?”

व्यापाऱ्याची चांदी यायची, आमची मजुरी, माल तोलून परत जायचा. छाप व्यापाऱ्याची. कधी आग्र्याच्या, कधी राजकोटच्या. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या छापेची पोलादी खिळी आमच्याच घरात, खिडकीतल्या डब्यात असायची, आणि दिवाळीच्या सुट्टीत पैंजणाच्या फाश्यावर ती ठोकायचं काम माझं. एका ठोक्यात बसली पाहिजे, दुसरा मारला की अक्षर दुहेरी दिसतं. हातोडीचा आवाज आजही कानात आहे. आणि तरी महिनाभर मी चमच्यामागचं नाव वाचून म्हणत होते, याने केला.

अण्णांनी फोटो मोठे करून मागवले. पंधरा मिनिटांनी त्यांचाच फोन. “साही चमच्यांवर नाव उजवीकडं कललंय. एकाच हातानं मारलंय बघ. पाचवा दोनदा ठोकलाय, घाईत.”

बघितलं. पाचव्यावर शेवटचं अक्षर दुहेरी आहे. माझ्या नोंदीत मी ‘झिजलेलं’ असं लिहिलं होतं. खोडून दुरुस्त केलं.

२२ फेब्रुवारी

सुऱ्या. यांचा कंटाळा करत होते. मूठ तेवढी चांदीची, तीही आतून पोकळ: दोन अर्धे पत्रे जोडून आत राळेसारखा लुकण भरलेला. म्हणून ठशात ‘मूठ स्टर्लिंग’ असंच म्हटलंय. वजनाचा उपयोग नाही, यादीत तो रकाना मोकळा. पातं स्टेनलेस, ते १९३१ ला जुळतं. त्याआधीच्या पात्यांना गंज लागू नये म्हणून चांदीचा मुलामा देत. दोन सुऱ्यांची मूठ हलते. आजींनी वर्षभर डिशवॉशरमध्ये धुतल्या, गरम पाण्याने लुकण सुटलं.

१ मार्च

यादी छापून दिली. चार पानं. आजींनी सगळ्यात आधी शेवटचा स्तंभ वाचला, सगळ्यांची बेरीज. त्यांच्या बहिणीने १९८० च्या जानेवारीत, चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेली तेव्हा, आपला पूर्ण संच भट्टीला दिला होता. ते पैसे एका हिवाळ्यात घर गरम ठेवायच्या तेलात गेले, असं त्या म्हणाल्या.

शांतिली मोठ्या नातीला. रॉजर्स धाकट्याला, त्याला डिशवॉशरमध्ये टाकता येतील असेच हवे होते. सहा चमचे मधल्या नातीने मागितले. तिने यादीतली ओळ मोठ्याने वाचली: विक्रेता, गावचा घड्याळजी, १८५० च्या आसपास, कारागीर, आणि पुढे आडवी रेघ. “इथे काही छापायचं राहिलं का?” तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, ते तसंच आहे. मग तिला पाचवा चमचा दाखवला, टॉर्च आडवा धरून.

सुऱ्यांच्या दोन मुठी भरून आणायच्या राहिल्यात. अण्णा म्हणतात लाख आणि विटेची भुकटी चालेल. आजींना विचारून बघते.